कर लागत नाही, मग रिटर्न भरायचे की नाही?

आमच्या कापडाच्या पेढीवर दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. कधी सूत घेऊन कापड विणून देणारा मागवाला विचारतो, कधी शिलाईचा छोटा कारखाना चालवणारा, कधी जरीकाम करणारा कारागीर. "सेठ, आपल्याला टॅक्स तर बसत नाही. मग रिटर्न कशाला भरायचे?" विचारणारा लबाडीने विचारत नाही. त्याने कुठेतरी वाचलेले असते की १२ लाखांपर्यंत कर माफ झाला. त्याची कमाई १२ लाखांच्या आसपासही नसते, म्हणून आयकर खात्याशी आपला संबंध संपला असे तो धरून चालतो. आणि मग एके दिवशी मोबाईलवर खात्याचा संदेश येतो, की तुमच्या नावावर अमुक व्यवहार दिसतात, पण रिटर्न दिसत नाही. मग धावपळ सुरू होते.

घोटाळा होतो तो दोन वेगळे प्रश्न एकच समजल्यामुळे. कर किती लागतो हा एक प्रश्न. रिटर्न भरणे कायद्याने बंधनकारक आहे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शून्य आले तरी दुसऱ्याचे उत्तर 'होय' असू शकते, आणि आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या बाबतीत तसे पुष्कळदा असते.

२०२५-२६ या हिशेबी वर्षाचे आकडे घेऊ. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मुळात करच नाही. ४ लाखांच्या वर कर मोजला जातो, पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतचा तो कर सवलत म्हणून परत सोडून दिला जातो. ही सवलत रिटर्नमध्येच मागायची असते. म्हणजे १२ लाख ही कर भरण्याची रेषा झाली, रिटर्नची रेषा ४ लाखच आहे. ज्याचे उत्पन्न ५ लाख आहे त्याला एक पैसाही कर नाही, पण रिटर्न न भरल्यास तो कायद्याने चुकलेला आहे. शेअर किंवा जागा विकून झालेल्या नफ्यावर विशेष दराने कर असतो, त्याला ही १२ लाखांची सवलत चालत नाही, तेही ध्यानात ठेवावे.

जो जाणूनबुजून जुनी करपद्धत निवडतो त्याची रेषा आणखी खाली, २.५ लाखांवर आहे. त्या पद्धतीत ६० वर्षांवरील माणसाला ३ लाख आणि ८० वर्षांवरील माणसाला ५ लाख. नव्या पद्धतीत वयाचा भेद नाही. बायकांसाठी वेगळी वाढीव मर्यादा असते असे अजून कितीतरी लोक आम्हाला सांगतात. ती २०१२-१३ पासून बंद झाली. काही न निवडल्यास २०२३-२४ पासून नवी पद्धतच लागू धरली जाते, म्हणून पुढचा सगळा हिशेब आम्ही त्याच पद्धतीने मांडत आहोत.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा केला, त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचा हिशेब मात्र जुन्या कायद्यानेच होतो, म्हणून नव्या कायद्याच्या नावाने कोणी घाबरवले तर घाबरू नये.

उत्पन्न कशाला म्हणायचे

आता मुख्य गोष्ट. ४ लाख कशाचे? येथे आपले लोक दोन टोकांना जातात. एकजण वर्षाची विक्री ४० लाख बघून घाबरतो की एवढी माझी कमाई धरली जाईल. दुसरा म्हणतो, मी घरी महिन्याला २० हजार नेतो, माझी कमाई २ लाख ४० हजार. दोघेही चूक. उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे आणि घरी नेलेला पैसा म्हणजेही उत्पन्न नव्हे. विक्रीतून मालाची खरेदी, मजुरी, भाडे, वीज वगैरे धंद्याचा खर्च वजा जाऊन जो नफा उरतो ते धंद्याचे उत्पन्न, मग तो नफा घरी नेलेला असो की पुन्हा मालात घातलेला असो.

पुष्कळ व्यापारी सालाचा हिशेब रमजानमध्ये करतात, जकातीसाठी. ही चांगली सवय आहे, पण तो हिशेब येथे कामाचा नाही. जकात आपण हातातल्या मालावर, रोकडीवर आणि सोन्यावर काढतो. आयकर मागतो वर्षभराचा नफा, आणि त्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. हिजरी वर्ष १० ते ११ दिवसांनी लहान. एकाच वहीतून दोन्ही हिशेब निघू शकतात, पण एका हिशेबाचा आकडा दुसऱ्या ठिकाणी लिहिता येत नाही. आणि दिलेली जकात ही उत्पन्नातून वजा होत नाही. ती देण्यापूर्वी पैसा तुमचाच होता, असे कायदा समजतो.

लहान व्यापाऱ्याने रोजमेळ नीट ठेवलेला नसेल तर त्यासाठी कलम ४४ एडी आहे. २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या धंदेवाईकाने (रोखीची आवक ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) नफ्याचा अंदाजी आकडा धरायचा, बँकेतून, चेकने किंवा यू.पी.आय.ने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के. वह्या आणि ऑडिट यांचा त्रास वाचतो. मात्र 'किमान' हा शब्द विसरू नये. खरा नफा १५ टक्के झाला असेल तर १५ टक्केच लिहायचा असतो. आणि दलाली, अडत, कमिशन या धंद्यांना हे कलम लागू नाही. आपल्या कापडबाजारात निम्मे लोक या ना त्या प्रकारची दलाली करतात आणि त्यांचे एजंट बिनदिक्कत ४४ एडी मध्ये रिटर्न भरून मोकळे होतात. हे बरोबर नाही.

एक उदाहरण मांडतो. तयार कपड्यांचा एक दुकानदार आहे. वर्षाची विक्री ४५ लाख, त्यातले ३० लाख यू.पी.आय. आणि चेकने, १५ लाख रोख. त्याचा खरा नफा अंदाजी नफ्याएवढाच आहे असे धरू. ३० लाखांचे ६ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, १५ लाखांचे ८ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. एकूण ३ लाख. रेषा ४ लाखांची, म्हणून तो निश्चिंत आहे. पण वडिलोपार्जित एक गाळा त्याच्या नावावर आहे, त्याचे भाडे महिना १० हजार. वर्षाचे १ लाख २० हजार, त्यातून ३० टक्के दुरुस्तीपोटी सरसकट वजा जातात, उरले ८४ हजार. आता झाले ३ लाख ८४ हजार. अजूनही रेषेच्या आत. मग बँकेने कॅश क्रेडिटच्या तारणासाठी ठेवून घेतलेल्या त्याच्या मुदत ठेवीवर वर्षात २२ हजार व्याज जमा झाले. एकूण ४ लाख ६ हजार. रिटर्न बंधनकारक झाले. कर निघतो ३०० रुपये आणि तोही सवलतीत जातो.

या २२ हजारांबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण हा प्रश्न आपल्याच लोकांचा आहे. आपण व्याजाला आपली कमाई मानत नाही. पुष्कळजण ते पैसे सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकतात किंवा खात्यात तसेच पडू देतात. म्हणून हिशेब सांगताना ते सांगतही नाहीत, सी.ए.ने विचारले तरी "आम्ही व्याज घेत नाही" म्हणतात. पण तुमच्या खात्यावर जमा झालेले व्याज कायद्याच्या नजरेत तुमचे उत्पन्न आहे, त्याचे पुढे तुम्ही काय केले हे कायदा विचारत नाही. बँक त्याची खबर तुमच्या पॅनवर खात्याला देते. तेव्हा शरियतचा हिशेब शरियतप्रमाणे करा, पण रिटर्नमध्ये ती रक्कम लिहा. लपवलेली रक्कम पकडली गेली तर "मी ती वापरलीच नव्हती" हे उत्तर तेथे चालत नाही.

आणखी एक. जुन्या पद्धतीत विमा, प्रॉव्हिडंट फंड, ८० जी च्या संस्थेला दिलेली देणगी अशा वजावटी मिळतात. पण रिटर्नची रेषा ओलांडली की नाही हे या वजावटी करण्याच्या आधीच्या आकड्यावर ठरते. वजावट करून मग "मी तर २.५ लाखांच्या खाली आलो" म्हणणे उलटे झाले.

कमाई कमी असूनही

येथपर्यंत उत्पन्नाची गोष्ट झाली. आता ज्याचे उत्पन्न खरोखर ४ लाखांच्या खाली आहे, किंवा ज्याला तोटाच झाला, त्यानेही अजून निश्चिंत होऊ नये. जुन्या वाचकांना १९९० च्या दशकाच्या शेवटची 'सहापैकी एक' योजना आठवत असेल. घरात फोन, गाडी, क्रेडिट कार्ड, परदेशवारी यांपैकी काही असले की रिटर्न भरा, असा तो नियम होता. ती योजना पुढे बंद झाली, पण तिची कल्पना २०१९ मध्ये नव्या रूपात परत आली आणि एप्रिल २०२२ मध्ये तिच्यात भर पडली. आज खर्च आणि व्यवहार यांवरूनही रिटर्न बंधनकारक होते.

यातली यंत्रमागवाल्यांना लागणारी अट विजेची. वर्षात विजेवर १ लाखांहून अधिक खर्च केला की रिटर्न भरलेच पाहिजे. महिन्याला सरासरी ८,३३४ रुपये झाले की आपण तिच्यात आलो. अट घरातल्या विजेपुरती आहे असे कायद्यात म्हटलेले नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत थोडे माग चालवणाऱ्यालाही हा आकडा गाठायला वेळ लागत नाही, सवलतीच्या दराची वीज असली तरी. मंदीच्या वर्षात माग अर्धे बंद, हातात काही उरले नाही, तरी बिले १ लाखावर गेली असतील तर रिटर्न भरायचे. उत्पन्न शून्य लिहायचे, तोटा असेल तर तोटा लिहायचा, पण भरायचे. मीटर मरहूम आजोबांच्या नावावर आहे हे निमित्त सांगू नये. खर्च कोणी केला हे पाहिले जाते, आणि बिल कोणाच्या खात्यातून भरले जाते ते बँकेत दिसते.

दुसरी अट कापलेल्या कराची. व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. मोठ्या उलाढालीचा व्यापारी मजुरी देताना १ टक्का टी.डी.एस. कापतो, एका वेळची रक्कम ३० हजारांवर किंवा वर्षाची १ लाखावर गेली की. वर्षात तुमच्या नावावर टी.डी.एस. आणि टी.सी.एस. मिळून २५ हजार किंवा अधिक जमा झाला असेल तर रिटर्न बंधनकारक आहे. ६० वर्षे पूर्ण झालेल्यासाठी हा आकडा ५० हजार. २६ लाखांची मजुरी झाली की २६ हजार कापले गेले, हिशेब सरळ आहे.

पण या ठिकाणी आम्हाला वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. ज्याचे २६ हजार कापले गेले त्याला बहुधा कर काहीच लागत नसतो. ते त्याचे स्वतःचे पैसे आहेत, सरकारकडे पडून आहेत, आणि रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. २५ हजारांच्या खाली, समजा ९ हजार कापले असतील, तर रिटर्न बंधनकारक नाही, पण ९ हजार सोडून द्यायचे का? एका साच्याच्या दुरुस्तीचा खर्च त्यात निघतो. आमच्या ओळखीच्या कित्येक मागवाल्यांनी वर्षानुवर्षे हे पैसे मागितलेच नाहीत, कारण कोणी त्यांना सांगितले की रिटर्न भरले की खात्याची नजर लागते. नजर तर टी.डी.एस. कापला त्याच दिवशी लागलेली असते.

येथे एक बाब जोडून सांगतो. पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय धरला जातो आणि १ ऐवजी २० टक्के कापले जातात. आपल्या लोकांचे घोडे नावाच्या लिहिण्यात अडते. एकीकडे 'मोहम्मद' पूर्ण, दुसरीकडे नुसते 'मो.', कुठे 'शेख' आधी, कुठे मागे, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. आधी नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्यावी, मग जोडणी होते.

तिसरी अट उलाढालीची, वर्षाची विक्री ६० लाखांवर. नफा कितीही कमी असो. व्यवसायी म्हणजे डॉक्टर, वकील यांच्यासाठी हीच मर्यादा १० लाख. चौथी बँकेची. बचत खात्यांत मिळून वर्षात ५० लाख किंवा अधिक जमा, अथवा चालू खात्यांत मिळून १ कोटीहून अधिक जमा. बचत खात्यावरच धंदा चालवणाऱ्यांनी, दुकानावर क्यू.आर. कोड लावून सगळी विक्री त्यात घेणाऱ्यांनी वर्षाची बेरीज एकदा करून पाहावी. भावाने उसने दिलेले पैसे आणि भिशीचे पैसेही त्याच खात्यातून फिरवले असतील तर बेरीज फुगते, म्हणून धंद्याचे खाते वेगळेच बरे.

पाचवी अट परदेश प्रवासाची. स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांहून अधिक खर्च केला तर रिटर्न बंधनकारक. आज हज कमिटीमार्फत गेले तरी मुंबईहून एका हाजीचा खर्च २ लाखांच्या वरच जातो. मग हजसाठीही ही अट लागते का? काही वकील म्हणतात की नाही, कारण जुन्या 'सहापैकी एक' योजनेत तीर्थयात्रेच्या सफरीला सूट ठेवलेली होती. आमचे मत असे की या वादात पडून काही मिळवायचे नाही. ज्या वर्षी हजचा खर्च केला त्या वर्षी रिटर्न भरून टाकावे. आयुष्यभराची पुंजी साठवून माणूस हजला जातो, ती कुठून आली याचा कागद तयार असला तर पुढे कोणी विचारले तरी अडचण नाही.

'दुसऱ्या कोणासाठी' हे शब्द मात्र नीट समजून घ्या. मुलाने अम्मी-अब्बांना हजला पाठवले आणि पैसे मुलाच्या खात्यातून गेले, तर खर्च करणारा मुलगा. अट त्याला लागते. अम्मी-अब्बांचे काही उत्पन्न नसेल तर त्यांना नाही.

उमऱ्याला खासगी टूरवाल्याकडून सहकुटुंब जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लागू होते. परदेशी टूर पॅकेजवर टूरवाला टी.सी.एस. घेतो. २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंतच्या पॅकेजला ५ टक्के. ५ माणसांचे ५ लाखांचे पॅकेज घेतले तर २५ हजार झाले, म्हणजे टी.सी.एस.च्या अटीतही आपण आलो. हे पैसेसुद्धा रिटर्न भरून परत मागता येतात, मात्र ज्याच्या पॅनवर ते जमा झाले त्यालाच. टूरवाल्याला पॅन देताना हे पाहून द्यावा, आणि त्याने रक्कम खरोखर भरली की नाही हे फॉर्म २६ एएस मध्ये तपासावे.

भाऊ-भाऊ आणि एक दुकान

आपल्याकडे वडिलांनी दुकान काढलेले असते आणि चार भाऊ त्यात बसतात. हिंदू व्यापारी अशा वेळी एकत्र कुटुंबाची वेगळी फाईल करतात. ती सोय हिंदू कायद्यातली आहे, आपल्याला ती नाही. आपल्याला रस्ता दोनच. दुकान एकाचे, आणि बाकीचे भाऊ तेथे पगारावर. किंवा भागीदारी. भागीदारीचा दस्तऐवज झाला की ती स्वतंत्र पेढी झाली, तिचा पॅन वेगळा. आणि भागीदारी पेढीने रिटर्न भरण्याला उत्पन्नाची कोणतीही रेषा नाही. नफा असो, तोटा असो, वर्षभर शटर बंद असो, रिटर्न भरलेच पाहिजे. भागीदाराच्या वाट्याला आलेल्या नफ्यावर पुन्हा कर नाही, कारण तो पेढीने भरलेला असतो. पण पेढीकडून घेतलेला मेहनताना भागीदाराच्या उत्पन्नात धरला जातो आणि तो मिळवून त्याची ४ लाखांची रेषा पाहावी लागते.

आमच्याच घरी काय झाले ते सांगतो. वालिद साहेबांच्या इंतकालानंतर दोन वर्षे दुकान त्यांच्याच पॅनवर चालत राहिले. कोणाच्या मनात खोट नव्हती. वाटण्यांची बोलणी चालू होती, घरात दुःख होते, आणि जो माणूस आमची रिटर्न भरत असे त्याने काही विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. पुढे बँकेने खाते थांबवले तेव्हा कळले की इंतकालाच्या दिवसापर्यंतच्या कमाईचे रिटर्न वारसाने मरहूमच्या वतीने भरायचे असते आणि दुसऱ्या दिवसापासूनची कमाई वारसांची असते, त्यांच्या स्वतःच्या पॅनवर. दोन वर्षांचा माल, उधारी, बिले, सगळे उकलून नव्याने लिहायला आम्हाला आठ महिने लागले. कर फार निघाला नाही, पण व्याज आणि दंड धरून त्यापेक्षा जास्त गेले. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी चाळीसाव्यापर्यंत तरी सी.ए.ला कळवावे.

बायकोच्या नावावर दुकान किंवा गाळा घेऊन दोन रेषांचा फायदा मिळतो अशीही समजूत आहे. पैसा नवऱ्याचा असेल तर त्या मालमत्तेचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. बायको स्वतः शिवणकाम, कशिदा करून कमावते ती कमाई तिची, तिची रेषा वेगळी.

कोकणातील बांधवांसाठी दोन शब्द. मुलगा आखातात नोकरीला आहे आणि कायद्याने अनिवासी आहे, तर तिकडच्या पगारावर येथे कर नाही आणि त्यासाठी रिटर्नही नाही. येथले भाडे किंवा एन.आर.ओ. खात्याचे व्याज मात्र धरायचे. खरी अडचण परत आल्यावर येते. माणूस कायमचा घरी येतो, काही काळाने कायद्याने पूर्ण निवासी ठरतो, आणि दुबई किंवा कुवेतच्या बँकेतले खाते तसेच चालू राहते. पूर्ण निवासी माणसाचे परदेशात खाते किंवा मालमत्ता असेल तर एक रुपया उत्पन्न नसतानाही रिटर्न बंधनकारक आहे आणि त्यात ते खाते दाखवावे लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून २० लाखांपर्यंतच्या बँक शिल्लकीला वगैरे त्या दंडातून वगळले, रिटर्नची सक्ती मात्र कायम आहे. गरज नसेल तर खाते बंद करून यावे.

यातले काहीच लागू नसेल तर

यातले काहीच लागत नसेल, तर रिटर्न भरणे तुमच्या मर्जीवर आहे. घरी बसून विणणाऱ्या, जरी भरणाऱ्या, बिडी वळणाऱ्या बहिणींना, हातगाडीवाल्याला, महिना १५-२० हजारांत भागवणाऱ्या कारागिराला कोणी "रिटर्न भरा नाहीतर नोटीस येईल" असे सांगून हजार-दोन हजार उकळत असेल तर देऊ नयेत. जी.एस.टी.चा नंबर असणे, उद्यम नोंदणी असणे, पॅन असणे, यांतल्या कशानेही वैयक्तिक रिटर्न आपोआप बंधनकारक होत नाही. पण जी.एस.टी.चे रिटर्न भरतो म्हणजे आयकराचे झाले, असेही नाही. जी.एस.टी.त दाखवलेली विक्री आणि आयकरात दाखवलेली विक्री खाते ताडून पाहते.

मर्जीने भरावे असे आम्ही तीन प्रकारच्या लोकांना सांगतो. ज्याचा टी.डी.एस. कापला गेला तो, त्याचे कारण वर आले. दुसरा तोटा झालेला. तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वळता करायचा असेल तर मुदतीच्या आत रिटर्न हवे, एक दिवस उशीर झाला तर धंद्याचा तोटा पुढे नेता येत नाही. तिसरा कारखानदार, जो दर आठवड्याला मजुरीसाठी बँकेतून रोख काढतो. मागच्या तीन वर्षांची रिटर्न भरलेली नसतील तर वर्षात २० लाखांच्या वर रोख काढल्यावर बँक २ टक्के कापते. रिटर्न भरणाऱ्याला ती मर्यादा १ कोटी आहे.

कर्जासाठी, व्हिसासाठी, भाड्याच्या मोठ्या जागेसाठीही दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. कर्ज घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण बँकेला बरे दिसावे म्हणून न झालेली कमाई रिटर्नमध्ये लिहून देणारे एजंट बाजारात आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे. खोटी वजावट दाखवून परतावा काढून देणारे त्यांचेच भाऊबंद. सही तुमची असते, कमिशन त्यांचे.

मुदतीची तारीख दर वर्षी विचारून घ्यावी, ती बदलते. २०२५ मध्ये ३१ जुलैची तारीख आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरवर गेली होती. उशीर झाल्यास ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते, विलंब शुल्क ५ हजार, एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार. त्यानंतर जादा कर देऊन चार वर्षांपर्यंत सुधारित रिटर्न भरता येते, पण त्यातून परतावा मागता येत नाही आणि तोटाही दाखवता येत नाही.

भरले म्हणजे झाले असेही नाही. रिटर्न पाठवल्यापासून ३० दिवसांत आधारवर आलेल्या ओ.टी.पी.ने किंवा बँकेमार्फत त्याची खातरजमा करावी लागते, नाहीतर ते भरलेच नाही असे धरतात. आणि खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावापुढे मोबाईल व ईमेल कोणाचा नोंदलेला आहे ते आजच पाहा. आम्ही पाहिलेल्या दहापैकी सहा-सात जणांचा तेथे एजंटचा नंबर होता. खात्याचे पत्र एजंटला जाते, तो दुकान बदलून गेलेला असतो, आणि तुम्हाला कळते ते परतावा अडकल्यावर. नंबर स्वतःचा घातला की त्याच ठिकाणी वार्षिक माहिती विवरण, ज्याला ए.आय.एस. म्हणतात, ते उघडता येते. बँकेचे व्याज, कापलेला कर, मोठ्या रोख ठेवी, असे खात्याला कळलेले तुमचे बरेचसे व्यवहार त्यात असतात. ते विवरण, वर्षाची बारा वीजबिले आणि बँकेचे पासबुक घेऊन सी.ए.कडे गेलात तर रिटर्न लागते की नाही याचे उत्तर तो तुम्हाला अर्ध्या तासात देईल.